इशापूरची .३१५ आणि ठाण्यातला पावसाळा

आजोबांची रायफल वारसाहक्काने माझ्या परवान्यावर चढली तेव्हा घरात दोन तट पडले. एक म्हणत होता, जमा करून मोकळी हो. दुसरा म्हणत होता, मस्त पॉलिश मारून काळीकुळकुळीत करून घे. मला दोन्ही पटलं नाही. जुनी रायफल नवी दिसायला हवी असं नाही, ती आहे तशी टिकली पाहिजे.

बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यातली ही .३१५ बोअर (नळीचं माप, इंचात), मुरबाडच्या शेतावर रानडुकरांसाठी घेतलेली. यंत्रणा ब्रिटिश लष्कराच्या ली-एनफील्ड रायफलीची. पण .३०३ हे लष्कराचं काडतूस, ते इंग्रजांच्या काळात साध्या परवानाधारकाला मिळत नसे. म्हणून ऑस्ट्रियाच्या मानलिखर रायफलीचं आठ मिलिमीटरचं काडतूस तिला दिलं गेलं. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, शिकारीवर बंधनं आली, आणि रायफल चामडी म्यानात गेली ती तिथेच राहिली. चामडं ओल धरून ठेवतं. म्यान लागत होतं नेमक्या तेवढ्याच भागात पोलादावर गंजाचे ठिपके उठले होते.

नळीतला गंज मात्र वेगळा. जुन्या काडतुसांच्या टोपीत, म्हणजे बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या भागात, पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार उडाला की त्याचं क्लोराइड होऊन नळीत बसतं आणि मिठासारखं हवेतलं पाणी ओढतं. ते तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. आई सांगते, आजोबा रानातून आले की आधी उकळतं पाणी मागायचे. ते नळीत ओतायचं, गरम नळी आपोआप वाळते, मग कोरडी चिंधी, मग तेल. नुसतं तेल ओढून समाधान मानणाऱ्यांच्या नळ्या आतून खाल्ल्या गेल्या. आमच्या नळीतले आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या चऱ्या, अजून स्वच्छ दिसतात, ते त्या पाण्यामुळेच.

रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने बघून मगच काम सुरू. बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा) मागे ओढून त्याचं डोकं वर फिरवलं की अख्खा बोल्ट हातात येतो. त्यामुळे सळई मागून घालता येते आणि नळीचं तोंड घासत नाही. बोल्टच्या मुठीवरचा नंबर आणि रायफलीवरचा नंबर एकच असला पाहिजे. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट बसला म्हणून चालतो असं नाही.

मागचा दस्ता काढायचा असेल तर आधी पुढचं लाकूड उतरवा. जुन्या ली-एनफील्डमध्ये दस्ता आवळणाऱ्या लांब स्क्रूचं चौकोनी टोक पुढच्या लाकडात अडकलेलं असतं; तो तसाच फिरवला की लाकूड चिरतं. सुंदर दस्ते या एका घाईत गेलेत.

दस्त्यावर खांबाला आपटून पडलेला खोलगा होता. सँडपेपर लावलाच नाही. ओला सुती रुमाल खोलग्यावर ठेवला आणि वरून गरम इस्त्रीचं टोक टेकवलं. वाफ आत शिरते, दबलेले तंतू फुगतात. दोन-तीनदा केल्यावर बोट फिरवलं तरी जागा सापडेना. तंतू तुटले असतील तर मात्र हा उपाय चालत नाही. मग डबल बॉइल्ड अळशीचं तेल, तळहाताने, अगदी पातळ हात. चिंधीने लावत असाल तर ती चोळामोळा करून टाकू नका. अळशीचं तेल वाळताना तापतं आणि गोळा केलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

पोलादाला बारीकातलं बारीक स्टील वूल, तेलात भिजवून, हलक्या हाताने. गंज निघतो, जुना निळसर काळा रंग राहतो. बफिंग करून घेतलं असतं तर कारखान्याची अक्षरंही पुसट झाली असती.

पुढचं काम माझं नाही. हेडस्पेस (बोल्टचं तोंड आणि काडतूस नळीत जिथे टेकतं ती जागा यांतलं अंतर) गेजने तपासणं, स्प्रिंग बदलणं, हे परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडेच. तो तपासून हो म्हणत नाही तोवर बार काढायचा विचारही नको.

ठाण्याच्या नौपाड्यात जूनपासून कपाटातले कपडेसुद्धा दमट लागतात. त्यामुळे म्यान बाद. कुलूपबंद कपाटात सिलिका जेलच्या पुड्या आणि अधूनमधून तेलाची चिंधी. निवडणुकीत शस्त्र जमा करायची नोटीस आली तर नेहमीपेक्षा जाड तेल लावून द्या, आणि पावतीवर नंबरासोबत दस्त्याची अवस्थाही लिहून घ्या. परत आल्यावर ते तेल नळीतून पूर्ण पुसून काढा.