न्यूट्रॉन ताऱ्यालाही भरती येते

खाडीकाठच्या माणसाला भरती-ओहोटी शिकवावी लागत नाही. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांगाची भरती, होडी कधी काढायची ते पोरांनाही माहीत असतं. कारण एवढंच की चंद्राकडच्या बाजूला ओढ जास्त आणि पलीकडच्या बाजूला कमी, त्या फरकाने पाणी फुगतं. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांभोवती फिरतात तेव्हाही हाच फरक काम करतो, फक्त तिथे पाणी नसतं, अख्खा ताराच ताणला जातो, आणि किती ताणला गेला त्यावरनं आतला माल कडक की मऊ ते कळतं! हे वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जातच नाहीये.

न्यूट्रॉन तारा म्हणजे मोठा तारा फुटल्यावर उरलेला दाबलेला गाभा, सूर्याच्या साधारण 1.4 पट वस्तुमान आणि व्यास जेमतेम 24 किमी, म्हणजे रत्नागिरीहून आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याला जायला जेवढं अंतर पडतं साधारण तेवढाच. अणुकेंद्रकाची घनता घन सेंटिमीटरला सुमारे 27 कोटी टन, गाभ्यात त्याच्याही कित्येक पट. एवढ्या दाबाखाली न्यूट्रॉन न्यूट्रॉनच राहतात का, हा खरा प्रश्न. काहींचे हायपेरॉन, म्हणजे न्यूट्रॉनचे जड भाऊबंद, व्हायला हवेत असं गणित सांगतं, कदाचित न्यूट्रॉन फुटून ते ज्यांचे बनलेत ते क्वार्क मोकळे होत असतील. पण असे नवे कण आले की माल सहसा मऊ पडतो, दाब कमी होतो, आणि मऊ तारा फार वजन पेलू शकत नाही, कोसळून कृष्णविवर होतो.

आणि 2010 मध्ये सूर्याच्या जवळपास दुप्पट वजनाचा पल्सार, म्हणजे ठेक्यात रेडिओ पल्स पाठवणारा फिरता न्यूट्रॉन तारा, सापडला. त्याचे पल्स जोडीदार श्वेतबटूच्या (विझलेल्या छोट्या ताऱ्याच्या) जवळून येताना किंचित उशिरा पोचतात, त्या उशिरावरनं वजन काढलं. पुढे अजून एक, सुमारे 2.08 पट. मऊ मालाची बरीच मॉडेल्स तिथेच बाद झाली. लांबून नुसतं घड्याळ लावून ताऱ्याच्या पोटातल्या कणांबद्दल एवढं बोलता येतं, मला तरी यापेक्षा सुंदर विज्ञान माहीत नाही.

मग 17 ऑगस्ट 2017. सुमारे 13 कोटी प्रकाशवर्षांवरच्या दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर लायगो आणि व्हर्गो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या डिटेक्टरांनी पकडली. टकरीआधी तारे फार ताणले गेलेले दिसले नाहीत, म्हणजे माल फार कडकही नाही. एकीकडून वजन म्हणतं कडक हवा, दुसरीकडून भरती म्हणते फार कडक नको, आणि या दोघांच्या मध्ये त्रिज्या येऊन थांबते 12 किमीच्या आसपास.

अडतंय ते शेवटच्या फेऱ्यांत. ताण सर्वात जास्त तेव्हाच असतो पण सिग्नल हजार हर्ट्झच्या वर जातो आणि तिथे आत्ताचे डिटेक्टर कमी पडतात, टक्करीनंतर उरलेल्या गोळ्याचा सिग्नल तर 2017 ला मिळालाच नाही. आपल्या हिंगोलीत औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया होतंय त्याची मी म्हणूनच एवढी वाट बघतोय, कारण गाभ्यात क्वार्क मोकळे होतात का याचा पुरावा त्या शेवटच्या काही मिलिसेकंदांत असू शकतो.