कंसातलं वजा तीन

शाळेच्या आठवणी या स्मरणिकेत इतरजण भरभरून लिहितीलच. मी फळ्यावरच्या एकाच गोष्टीबद्दल लिहितो, कारण इथून बाहेर पडलेली मुलं अकरावीत हमखास तिथेच अडतात: आलेख सरकवणे.

आधी मूळ फंक्शनं तोंडपाठ हवीत: क्ष, क्ष², क्ष³, √क्ष, |क्ष|, १/क्ष. प्रत्येकाचे तीन-चार बिंदू पुरे. क्ष² चे (०,०), (१,१), (२,४) आणि त्यांची डावीकडची जोडी.

कंसाबाहेरचं सोपं असतं. फ(क्ष) म्हणजे यांतलं कोणतंही फंक्शन धरा; फ(क्ष) + २ म्हणजे आलेख २ ने वर. पण फ(क्ष − ३) उजवीकडे का जातो? उत्तर आपल्या खाडीवरच आहे. भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करतात. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. अमावास्येची भरती ढोबळमानाने बारा वाजता धरा. मग पंचमीला सहा वाजता पाणी किती? अमावास्येला सव्वादोनला होतं तिथवर. घड्याळातून पावणेचार तास वजा केले ते जुना आलेख वाचण्यासाठी. भरती मात्र उशिरा, म्हणजे उजवीकडे गेली. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरती-ओहोटीला, पाणी उधाणाइतकं चढत नाही आणि ओसरतही नाही. सरासरी पातळीपासून मोजलं तर तो फ(क्ष) च्या बाहेरून गुणणारा आकडा, १ पेक्षा लहान.

आता य = २(क्ष − ३)² − ८ काढू. मूळ बिंदूंचा क्ष ३ ने वाढवा. य आधी दुप्पट करा, मग ८ वजा करा. (०,०) चा (३,−८), (१,१) चा (४,−६), (२,४) चा (५,०). डावीकडे (२,−६) आणि (१,०). क्रम उलटा केला की शिरोबिंदू थेट −१६ वर जातो आणि पुढचं सगळं चुकतं.

सर्वांत फसवं √(२क्ष − ६). मुलं ६ बघतात आणि आलेख ६ पासून सुरू करतात. तिथे किंमत √६ येते, शून्य नाही. आधी २ बाहेर काढायचा: २(क्ष − ३). सुरुवात ३ पासून.

−फ(क्ष) क्ष-अक्षावर उलटतो, फ(−क्ष) य-अक्षावर. फक्त फ(−क्ष) शिकवताना क्ष² घेऊ नये, तो जागचा हलतच नाही. √क्ष घ्यावा, डावीकडे उलटलेला चटकन दिसतो.