सह्याद्रीच्या आड रडारला काय दिसत नाही

आकाशातले प्रत्येक विमान कुठल्या ना कुठल्या रडारच्या पडद्यावर दिसतच असणार, असा आपल्यापैकी अनेकांचा समज असतो. नाशिकवरून खूप उंचीने जाणाऱ्या प्रवासी विमानांपुरता तो बहुतांशी खरा आहे. पण घाटमाथ्यावरून कमी उंचीने उडणाऱ्या हेलिकॉप्टरच्या बाबतीत तो धरून चालता येत नाही.

रडारच्या लहरी जवळजवळ सरळ जातात आणि पृथ्वीचा पृष्ठभाग खाली वळत जातो, त्यामुळे अंतर वाढेल तसा जमिनीलगतचा अधिकाधिक थर नजरेआड होतो. ठोकळ नियम असा, की मीटरमधल्या उंचीच्या वर्गमुळाला ४.१२ ने गुणले की ते विमान किती किलोमीटरवरून दिसेल ते कळते. मुंबई विमानतळ नाशिकच्या ओझर विमानतळापासून हवाई रेषेत सुमारे १६० किलोमीटरवर आहे. तिथे समुद्रसपाटीला एक रडार आहे असे मानले, तर ओझरवरचे विमान साधारण १,५०० मीटरच्या वर असल्याशिवाय त्याला दिसणार नाही. नाशिकची जमीन सुमारे ६०० मीटरवर असल्याने तिच्यावरचा जवळपास ९०० मीटरचा थर झाकलेला राहतो. अँटेना उंचावर नेल्यास तो कमी होतो हे खरे; पण या हिशेबात सह्याद्री अजून धरलेलाच नाही, आणि डोंगरामागच्या दरीत दूरच्या रडारची लहर उतरत नाही.

रडार नसले म्हणजे नियंत्रण नसते असे नव्हे. वैमानिक आपले स्थान व उंची रेडिओवरून कळवतो आणि कंट्रोलर त्यावरून विमानांत बरेच मोठे अंतर राखतो. ही पद्धत जुनी व भरवशाची आहे, मात्र सांगितलेली उंची खरोखर पाळली जात आहे का, हे तिच्यात पडताळता येत नाही. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी चरखी दादरीजवळ सौदी आणि कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ माणसे गेली. कझाक विमान नेमून दिलेल्या उंचीच्या खाली उतरले होते. दिल्लीच्या तेव्हाच्या प्रायमरी रडारवर (विमानावरून परतलेल्या लहरींवरच चालणाऱ्या) विमाने दिसत होती, उंची दिसत नव्हती. रडार कुठवर पोचते ते दाखवणाऱ्या नकाशावर न दिसणारी ही उणीव मला सर्वांत गंभीर वाटते. सेकंडरी रडार विमानातल्या ट्रान्सपाँडरकडून, म्हणजे रडारला आपोआप उत्तर देणाऱ्या यंत्राकडून, उंची मिळवते, म्हणून त्याचे मोल फार मोठे आहे.

एडीएस-बी पद्धतीत विमान उपग्रहांवरून काढलेले आपले स्थान स्वतःच प्रसारित करते. त्याचा जमिनीवरचा रिसीव्हरही डोंगरापलीकडचे ऐकू शकत नाही. पण तो रडारच्या मानाने फार स्वस्त आणि लहान असतो, त्यामुळे घाटमाथ्यावर असे अनेक रिसीव्हर बसवणे शक्य आहे. विमानात उपकरण नसेल किंवा उपग्रहांचा संकेत बिघडला, तर मात्र तेही निरुपयोगी ठरतात, म्हणून रडार काढून टाकता येणार नाही. २०२७च्या सिंहस्थात त्र्यंबकेश्वर परिसरात हेलिकॉप्टरची ये-जा वाढण्याची शक्यता धरूनच चालले पाहिजे. त्याआधी ब्रह्मगिरी-अंजनेरीच्या आसपास कोणत्या उंचीखाली विमान दिसत नाही हे प्रत्यक्ष उड्डाणाने तपासून ती माहिती वैमानिकांच्या हाती द्यावी, ही माझी मनापासूनची मागणी आहे.