टोकियो, ओसाका, सोल, हाँगकाँग : मे महिन्याच्या सुट्टीतला प्रवास

पूर्व आशियाला जायचं ठरलं की घरात पहिली चर्चा शहरांची होते. माझं कळकळीचं सांगणं आहे की आधी तारखा ठरवा. जपानमध्ये २९ एप्रिल ते ५ मे या आठवड्यात सार्वजनिक सुट्ट्या एकापाठोपाठ येतात. त्याला तिथे ‘गोल्डन वीक’ म्हणतात. त्या दिवसांत अख्खा जपान फिरायला निघतो, हॉटेलांचे भाव चढतात आणि गाड्या भरून वाहतात. चीनमध्ये १ मेपासून कामगार दिनाची सुट्टी असते, म्हणून हाँगकाँगही गजबजलेलं असतं. कोरियात ५ मेला बालदिन. हा आठवडा सरळ वगळा.

दुसरी हद्द पावसाची. टोकियो-ओसाका भागात साधारण जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात ‘त्सुयु’ सुरू होतो आणि जुलैच्या उत्तरार्धापर्यंत रेंगाळतो. कोरियाचा पाऊस जूनअखेरीस येतो. जुलै-ऑगस्टमध्ये उकाडा असा असतो की दुपारी आईबाबांना घेऊन रस्त्यावर चालणं नकोच, आणि पाठोपाठ वादळांचे दिवस. आपल्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. म्हणजे ७ मे ते जूनचा पहिला आठवडा हा काळ आपल्यासाठी अगदी जमून येतो. आम्ही त्यातच गेलो. टोकियोत दुपारी छान ऊन आणि संध्याकाळी पातळ स्वेटर, इतकं सुखाचं हवामान मिळालं.

शहरं किती? तैपेई आणि शांघाय आमच्याही यादीत होती, ती काढली. एका शहरातून दुसऱ्यात जाताना विमानप्रवास दोन-चार तासांचा असला तरी सामान बांधणं, विमानतळ गाठणं, इमिग्रेशन, नवं हॉटेल यांत दिवस जातोच. तीन आठवड्यांपेक्षा कमी वेळ असेल तर चारच्या पुढे जाऊ नका. क्रमही असा लावा की मागे फिरावं लागणार नाही. टोकियोत उतरायचं, रेल्वेने ओसाका, तिथून विमानाने सोल (दोन तासांच्या आत) आणि हाँगकाँगवरून मुंबई. तिकीट काढताना ‘मल्टी-सिटी’ निवडून जाणं टोकियोला आणि येणं हाँगकाँगहून असं एकत्र काढा.

जपान आणि कोरिया दोन्हीकडे आपल्याला व्हिसा लागतो. फेब्रुवारीतच कागदपत्रांना लागा, कारण पासपोर्ट एक आणि अर्ज दोन. हाँगकाँगसाठी ऑनलाइन पूर्वनोंदणी करावी लागते. ती मोफत आहे आणि तिच्यावर १४ दिवसांपर्यंत राहता येतं. नोंदणीची पावती छापून जवळ ठेवा.

टोकियोत हॉटेल निवडताना स्टेशनचं नाव बघून भुलू नका. शिंजुकूसारख्या स्टेशनला दोनशेहून जास्त बाहेर पडायचे मार्ग आहेत. ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ हे नेमक्या कुठल्या मार्गापासून, आणि त्या मार्गाला लिफ्ट आहे का, हे बुकिंगच्या आधीच पाहा. गुडघे दुखणारं माणूस बरोबर असेल तर सगळ्या प्रवासातली ही सर्वांत कामाची चौकशी. शिंजुकूलाच टोकियो महानगर सरकारच्या इमारतीत ४५ व्या मजल्यावरून शहर फुकट बघता येतं. पैसे भरून दुसऱ्या मनोऱ्यावर चढायची गरज आम्हाला वाटली नाही.

तोझाई मार्गावरच्या निशी-कासाईला आवर्जून जा. तिथे भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे, मराठी कानावर पडतं, डाळ-तांदूळ-मसाले मिळतात. ही वस्ती ज्या एदोगावा प्रभागात येते, तिथल्या सभेवर २०१९ मध्ये मूळचे महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक निवडून आले होते. परक्या देशात आपल्या माणसांनी इतकी मुळं धरलेली पाहून बाबांना फार अभिमान वाटला, आणि मलाही.

टोकियो ते शिन-ओसाका हे ५१५ किलोमीटर ‘नोझोमी’ शिंकानसेन (बुलेट ट्रेन) अडीच तासांत कापते. जाताना उजव्या बाजूची ‘ई’ सीट घ्या. हवा स्वच्छ असेल तर साधारण पाऊण तासाने फुजी पर्वत दिसतो. सात दिवसांचा जेआर पास (पर्यटकांसाठीचा जपान रेल्वेचा पास) ऑक्टोबर २०२३ मध्ये ५०,००० येनचा झाला. एकाच बाजूच्या प्रवासाला सुमारे १४,००० येन पडतात, तेव्हा या मार्गावर पास घेणं तोट्याचं आहे. बॅगेची लांबी-रुंदी-उंची मिळून १६० सेंटीमीटरच्या वर जात असेल तर मोठ्या सामानाची जागा असलेली सीट आधी आरक्षित करावी लागते. त्याऐवजी मोठ्या बॅगा ‘ताक्क्युबिन’ या कुरिअर सेवेने हॉटेल ते हॉटेल पाठवा. दुसऱ्या दिवशी बहुतेक पोचतात. हातात फक्त पाठपिशवी घेऊन गाडीत बसण्याचं सुख प्रत्येकाने घ्यावं. ओसाकात मुक्काम ठेवून क्योतो करता येतं, साध्या जलद लोकलने अर्धा तास. फुशिमी इनारीला पहाटेच जा. देऊळ चोवीस तास उघडं आहे, तिकीट नाही, आणि आठनंतर ‘तोरी’ कमानींच्या रांगेत पाय ठेवायला जागा नसते.

आता शाकाहाराचं. जपानमध्ये खरी अडचण ‘दाशी’ची आहे. वाळवलेल्या बोनितो माशाच्या पातळ कापांपासून काढलेलं हे पाणी मिसो सूपमध्ये, सोबा नूडल्सच्या रश्श्यात, टेंपुराबरोबरच्या चटणीतही असतं. ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. ‘मांस, मासे, दाशी चालत नाही’ असं जपानीत लिहिलेलं कार्ड मोबाइलमध्ये ठेवा आणि बसण्याआधी दाखवा. टोकियो स्टेशनच्या फाटकांच्या आत ‘टीज तानतान’मध्ये पूर्ण शाकाहारी रामेन मिळतो, तिळाच्या रश्श्याचा, आणि तो खरोखर सुरेख आहे. क्योतोत कोंबू या समुद्री शेवाळाच्या पाण्यात गरम केलेला टोफू मिळतो, युदोफू. आईला तो साधा, सात्त्विक प्रकार फार आवडला.

घरून नेताना मेतकूट, भाजणी, लाडू, खाकरे न्या. हापूस मात्र नेऊ नका. जपान आणि कोरिया दोन्हीकडे ताजा आंबा विमानतळावरच काढून घेतात. औषधांचंही तसंच. स्यूडोएफेड्रीनचं प्रमाण जास्त असलेल्या सर्दीच्या गोळ्या जपानमध्ये नेता येत नाहीत, कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधावरही कडक बंधनं आहेत. नियमित औषधं एक महिन्यापेक्षा जास्त न्यायची असतील तर आधी परवानगी काढावी लागते. आणि जपानची वीज १०० व्होल्टची, त्यामुळे आपली विजेची किटली तिथे नीट तापत नाही.

सोलमध्ये बस-मेट्रोसाठीचं टी-मनी कार्ड दुकानातून घ्या आणि भरण्यासाठी रोख वॉन जवळ ठेवा. पायी रस्ता शोधायला नेव्हर मॅप (Naver Map) हे अ‍ॅप टाकून घ्या. ग्योंगबोकगुंग राजवाडा मंगळवारी बंद, चांगदोकगुंग सोमवारी. हानबोक हा कोरियाचा पारंपरिक पोशाख घालून गेलात तर ग्योंगबोकगुंगला तिकीट लागत नाही, लेकीला यापेक्षा मोठा आनंद कशाचा झाला नाही. वेळ एकाच राजवाड्याला असेल तर चांगदोकगुंग घ्या. त्याच्या मागची बाग वाटाड्याबरोबर बघायची, तिचं तिकीट आधी काढा. बिबिमबाप (भाज्या घातलेला भात) मांसाविना मिळतो, पण किमचीत (आंबवलेल्या कोबीत) बहुधा खारवलेली कोळंबी किंवा माशाचा रस असतो, विचारूनच घ्या.

हाँगकाँगला जेवणाची चिंता मिटते. चुंगकिंग मॅन्शन्समध्ये भारतीय जेवण आहे, आणि लांताऊ बेटावर पो लिन मठाचं शाकाहारी जेवण तर चुकवू नका. तिथल्या बुद्धमूर्तीपर्यंत २६८ पायऱ्या आहेत. मेअखेरीस इथे सरी कोसळतात, म्हणून वेधशाळेचं अ‍ॅप रोज बघा. पिवळा इशारा असेल तर छत्री घेऊन निघा, लाल असेल तर लांताऊ बेटाचा बेत पुढे ढकला, काळा असेल तर हॉटेलातच थांबा. वादळाचा आठ नंबरचा इशारा लागला की दुकानं आणि फेरीबोटी बंद होतात, म्हणून लांताऊच्या केबल कारचा दिवस शेवटचा ठेवू नका. निघायच्या दिवशी हाँगकाँग स्टेशनवरच काही विमानकंपन्या बॅगा जमा करून घेतात. तुमची कंपनी त्यात असेल तर सकाळीच सामान देऊन टाका, दिवसभर स्टार फेरी आणि ट्राममध्ये फिरा, आणि विमानतळावर ऑक्टोपस कार्ड (हाँगकाँगमधलं प्रवासाचं कार्ड) परत करून अनामत घ्या.