पिवळी दोरी आणि आमच्या बिल्डिंगची लिफ्ट

लेकीच्या वर्गाची सहल वॉशिंग्टनच्या फिलिप्स कलेक्शन या कलासंग्रहालयात गेली होती. मुलांवर लक्ष ठेवायला पालक हवे होते, म्हणून मीही गेले. पाचवीची पोरं एका चित्रासमोर जमिनीवर मांडी घालून बसली. चित्र केवढं, तर १२ बाय १८ इंच. त्यात एक खानावळ. एका बाजूला गोरी माणसं जेवतायत, दुसऱ्या बाजूला काळी, आणि मधून वाकडीतिकडी गेलेली एक पिवळी दोरी.

शिक्षिकेने चित्रकाराचं नाव सांगितलं नाही, साल सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "काय चाललंय इथे?" कुणी काही म्हटलं की पुढचा प्रश्न, "कशावरून?" एक मुलगा म्हणाला, दोरीच तर आहे, सहज ओलांडता येईल. मागून एक मुलगी म्हणाली, "मग कुणी ओलांडत का नाही?" त्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. शिक्षिकाही नाही.

इतिहास त्यानंतर आला. जेकब लॉरेन्स नावाच्या २३ वर्षांच्या कृष्णवर्णीय चित्रकाराने १९४०-४१ मध्ये कृष्णवर्णीयांच्या दक्षिणेतून उत्तरेकडे झालेल्या स्थलांतरावर ६० चित्रांची मालिका केली, त्यातलं हे ४९ वं, उत्तरेतल्या भेदभावाचं. पहिल्या महायुद्धात युरोपातून येणारे मजूर थांबले आणि अमेरिकेच्या उत्तरेतल्या कारखान्यांना माणसं हवी झाली. दक्षिणेत कपाशीवर कीड पडली होती. जमाव कधी कुणाला धरून फासावर लटकवेल याची धास्ती तर कायमचीच होती. माणसं निघाली. १९७० पर्यंत सुमारे ६० लाख. लॉरेन्सचे आईवडील त्यांच्यातलेच. त्याने साठही फळ्या एकदम मांडल्या आणि एकेक रंग घेऊन सगळ्यांवर फिरवला, म्हणून पहिल्या चित्रातला पिवळा आणि शेवटच्यातला पिवळा एकच दिसतो. विषम क्रमांकाची ३० चित्रं फिलिप्समध्ये आहेत, सम क्रमांकाची न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात.

१५ व्या चित्रापाशी माझ्या पोटात गोळा आला. तिथेही दोरी आहे, पण फासाची. फास रिकामा आहे, खाली एक माणूस गुडघ्यांत डोकं खुपसून बसलाय. प्रेत दाखवलेलंच नाही. दहा वर्षांच्या मुलाला हे दाखवता येतं, ते म्हणूनच, असं मला वाटतं.

मी ठाण्यात शिकले. नागरिकशास्त्रात "अस्पृश्यता ही अनिष्ट प्रथा होती" हे वाक्य पाठ केलं आणि मार्क मिळवले. त्यातल्या "होती"वर कुणी बोट ठेवलं नाही, मीही नाही.

जूनमध्ये ठाण्याला आलो. आईबाबा पोखरण रोडला राहतात. खाली लिफ्टशेजारी पाटी आहे: 'घरकाम करणाऱ्यांनी व डिलिव्हरीवाल्यांनी मागील लिफ्ट वापरावी.' बारा वर्षं मी ती पाटी बघते आहे. लेकीने अक्षरं जोडत ती वाचली आणि विचारलं, "आई, ही पण दोरीच ना?" मला उत्तर देता आलं नाही. लाज वाटली, ती अजून गेलेली नाही.

मग मी लॉरेन्सच्या काही चित्रांच्या प्रिंट काढून आणल्या आणि बिल्डिंगमधल्या मुलांना घरी बोलावलं. लांब कशाला जायचं, असंही मनात आलं. सुधीर पटवर्धन ठाण्यातच राहिले, क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून दवाखाना चालवला आणि वर्षानुवर्षं इथले कामगार, लोकल, पसरत जाणारी वस्ती रंगवत राहिले. 'पोखरण' नावाचं त्यांचं चित्रसुद्धा आहे. ठाण्यातल्या प्रत्येक शाळेच्या भिंतीवर ते हवं. पुढच्या खेपेला सुरुवात त्याच चित्रापासून करणार आहे. पाटीचा मुद्दा बाबा सोसायटीच्या मीटिंगमध्ये मांडणार आहेत. त्यांनी तसं पत्र लिहूनही दिलंय.

मुलं गेल्यावर प्रिंट टेबलावर तशाच पडल्या होत्या. आईकडे कामाला येणाऱ्या मावशी टेबल पुसायला आल्या आणि खानावळीच्या चित्रावर थांबल्या. मी दोरीचा अर्थ सांगायला लागले, तर म्हणाल्या, "कळलं ताई, ते कळतं." मग त्यांनी शेवटचं, साठावं चित्र उचललं. रेल्वेच्या फलाटावर माणसांची रांग, पुढ्यात सामान. खाली ओळ आहे, आणि लोक येतच राहिले. ती मी मराठीत वाचून दाखवली.

"सामान केवढंसं आहे बघा," मावशी म्हणाल्या. "आम्ही जालन्याहून आलो ना, दोन बोचकी अन् एक स्टो होता. स्टो गाडीतच राहिला."

लेक शेजारी येऊन बसली. म्हणाली, "मावशी, मग पहिल्या दिवशी जेवलात काय?"

मावशींनी फडकं बाजूला ठेवलं आणि खुर्ची ओढली.