डाव्या मागच्या दरवाजाची मोटर

पिकअपच्या दरवाजातील सेंट्रल लॉकची मोटर, म्हणजेच अ‍ॅक्च्युएटर, बदलणे हे ऑटो इलेक्ट्रिशियनच्या धंद्यात किरकोळ काम समजले जाते. दरवाजा उघडायचा, आतले पॅड, म्हणजे दरवाजाचे आतले आवरण, काढायचे, दोन बोल्ट, एक रॉड आणि एक सॉकेट सोडवायचे आणि नवी मोटर बसवायची. पण दरवाजा लॉक झालेल्या स्थितीतच अडकला, तर पॅड नीट काढण्यासाठी दरवाजा उघडावा लागतो आणि दरवाजा उघडण्यासाठी आधी पॅड काढावे लागते. निफाड तालुक्यातील एका द्राक्ष बागायतदारांची डबल कॅब पिकअप भाद्रपदातल्या पावसात आमच्या पिंपळगाव बसवंतच्या गॅरेजमध्ये आली, ती याच अवस्थेत.

“मिस्तरी, मागचा डावा दरवाजा आतून उघडंना अन् बाहेरूनही उघडंना,” गाडीचे मालक अण्णा म्हणाले. “अन् ही मोटर मागच्या पावसाळ्यानंतरच बदललेली आहे.”

ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली होती आणि मजुरांची ने-आण याच गाडीतून होत असल्यामुळे त्यांना घाई होती. मात्र त्यांची खरी काळजी वेगळी होती. त्यांच्या वयोवृद्ध आई औषधोपचारासाठी नाशिकला याच गाडीतून मागच्या सीटवर बसून जात असत, आणि डावा दरवाजा बंद पडल्यापासून त्यांना सरकत सरकत उजव्या बाजूने, म्हणजे वाहत्या रहदारीत उतरावे लागत होते. मुंबई–आग्रा महामार्गाच्या कडेला गाडी थांबवून एखाद्या म्हाताऱ्या माणसाला उजव्या दरवाजाने उतरवणे किती धोक्याचे आहे, हे या रस्त्यावर राहणाऱ्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

बिघाड कोणत्या बाजूला आहे, हे पॅडला हात लावण्यापूर्वीच बरेचसे कळते. ड्रायव्हरच्या दरवाजावरचे बटण दाबले, तेव्हा बाकीच्या तिन्ही दरवाजांतून खट्ट असा स्वच्छ आवाज आला. याचा अर्थ चारही मोटरींना मिळून असलेला फ्यूज आणि रिले, म्हणजे मोटरींकडे करंट सोडणारा स्विच, ठीक होते. मागचा डावा दरवाजा मात्र पूर्ण मुका होता. मोटर नुसती घरघरली असती, तर आतले प्लॅस्टिकचे दाते झिजले किंवा तुटले असे मानता आले असते. काहीच आवाज नसेल, तर एक तर वायर तुटलेली असते किंवा मोटर जागीच मेलेली असते. मुलांसाठी असलेल्या चाइल्ड लॉकची शंका अण्णांच्या मुलाने बोलून दाखवली आणि ती विचारण्यासारखीच होती. परंतु चाइल्ड लॉक फक्त आतले हँडल निकामी करते, बाहेरचे हँडल त्याने अडत नाही. शिवाय काचेजवळची लॉकची खुंटी हातानेही वर येत नव्हती. मोटर चांगली असताना खुंटी हाताने उचलली, तर आतले दाते उलटे फिरून वाट देतात. येथे ते जागचे हलत नव्हते, म्हणजे मोटर आतून जाम झाली होती आणि तिनेच दरवाजा धरून ठेवला होता.

बंद दरवाजाचे पॅड काढणे हे संयमाचे काम आहे. पुढची सीट पूर्ण पुढे सरकवून आणि मागच्या सीटची गादी उचलून बाहेर काढून बसायला जागा केली. आतल्या हँडलच्या वाटीमागचा एक स्क्रू आणि हात टेकायच्या खाचेतला दुसरा, झाकणाखाली दडलेला स्क्रू काढला. कडेच्या क्लिपा मात्र बंद दरवाजात पूर्ण दिसत नाहीत. पॅड आणि पत्रा यांच्यामधल्या फटीत प्लॅस्टिकची पट्टी सरकवून, प्रत्येक क्लिप कुठे आहे हे अंदाजाने चाचपून ती उचकटावी लागते. तळाच्या दोन क्लिपा तुटल्या. त्या तुटणार हे अण्णांना आधीच सांगितले होते आणि नव्या क्लिपा मागवूनही ठेवल्या होत्या. लोखंडी पट्टीने जोर लावला असता तर क्लिपा वाचल्या नसत्याच, पण पॅडही फाटले असते.

पॅड वर उचलून काचेच्या खाचेतून सुटले. आत हात घालण्यापूर्वी काच पूर्ण वर नेऊन तिच्या बटणाचे सॉकेट काढून ठेवले, कारण हात आत असताना कोणी चुकून काच खाली घेतली तर बोटे काचेच्या मशिनात सापडतात. दरवाजाच्या आतल्या पत्र्याच्या कडाही सुरीसारख्या धारदार असतात, म्हणून कोपरापर्यंत जाड कापडाची बाही चढवली. या गाडीत मोटर लॅचपासून, म्हणजे दरवाजा धरून ठेवणाऱ्या आकड्याच्या यंत्रणेपासून, वेगळी असून एका रॉडने त्याला जोडलेली आहे. तो रॉड प्लॅस्टिकच्या एका छोट्या घोडीने, म्हणजे फिरणाऱ्या क्लिपने, धरलेला असतो. न बघता, केवळ बोटांनी ती घोडी बाजूला फिरवली आणि रॉड सुटला. मोटरचा अडसर दूर झाल्यावर लॅचची पट्टी हाताने सरकली, बाहेरून मुलाने हँडल ओढले आणि दरवाजा उघडला.

“झालं की! आता नवी मोटर टाकून द्या,” अण्णा म्हणाले.

“मोटर टाकतोच, अण्णा. पण एका वर्षाच्या आत ही कशाने मेली, ते आधी बघू द्या.”

माझे याबाबत ठाम मत आहे. पार्ट बदलणे हा दुरुस्तीचा अर्धाच भाग असतो, आणि गिऱ्हाइकाचे पैसे बहुतेक वेळा उरलेल्या अर्ध्या भागासाठी पुन्हा खर्च होतात. म्हणून प्रथम सॉकेटपर्यंत येणारा करंट तपासला. या मोटरला दोनच वायरी असतात आणि तिला अर्थिंगची वेगळी वायर लागत नाही. लॉक करताना करंट एका दिशेने जातो, उघडताना उलट दिशेने, आणि तोही क्षणभरच. अशा ठिकाणी मी नुसत्या मल्टिमीटरवर विसंबत नाही. दरवाजा आणि तो ज्यावर टांगलेला असतो तो गाडीचा खांब यांच्यामधल्या रबरी नळीत वायर वारंवार वाकून तिची एकच तार शिल्लक राहिली असली, तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, पण मोटरला ओढण्याइतका करंट त्या तारेतून जात नाही. त्याऐवजी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब सॉकेटला जोडून बटण दाबले. दोन्ही वेळा बल्ब लख्ख चमकला. वायरिंग निर्दोष होते. मग बॅटरीवरून थेट करंट दिला, तरी मोटर हलली नाही.

ती काढून हातात घेतली, तेव्हा उत्तर तिच्या अंगावरच लिहिलेले होते. सॉकेटच्या पिनांवर हिरवट-पांढरा थर चढला होता आणि वरच्या बाजूने खालपर्यंत पाण्याचा ओघळ वाळून गेला होता. अण्णांसमोर तिचे कवच फोडले. मोटरच्या दांड्याभोवती गंजाचा लाल भुगा दाटला होता आणि दांडा चिमट्यानेही फिरेना.

दरवाजाच्या आत पाणी जाते, हे अनेक मालकांना खरे वाटत नाही. काचेच्या बाहेरचे रबर सगळे पाणी अडवू शकत नाही आणि त्याने ते अडवावे अशी अपेक्षाही नसते. काचेवरून ओघळलेले पाणी दरवाजाच्या पोकळीत उतरते आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडते. पॅडच्या मागे चिकटवलेले प्लॅस्टिकचे शीट ते पाणी गाडीच्या आत येऊ देत नाही. येथे ते शीट मागच्या दुरुस्तीत फाडून पॅकिंगच्या साध्या टेपने कसेबसे लावलेले होते. ओलाव्याने टेप सुटली होती आणि शीटचा वरचा कोपरा आत दुमडून मोटरच्या बरोबर वर आला होता. मी काचेवर बाहेरून मगभर पाणी सोडले आणि अण्णांना आत टॉर्च धरायला सांगितले. पाणी त्या दुमडलेल्या कोपऱ्यावर जमले आणि तेथून मोटर बसते नेमक्या त्या जागी धार लागली. अण्णा काही वेळ नुसते पाहत राहिले.

तळाची भोकेही बुजलेली होती. निफाडची काळी माती चाकांनी उडून तेथे बसते आणि वाळली की डांबरासारखी घट्ट होते. पातळ तार घालून भोके मोकळी केली, तेव्हा साचलेले गढूळ पाणी माझ्या चपलांवर सांडले. मोटर पावसात एकदाच भिजत नव्हती, तर खाली साचलेल्या पाण्याच्या दमटपणात रात्रंदिवस राहत होती.

नव्या मोटरीच्या निवडीवरून थोडे बोलणे झाले. बाजारात कोणत्याही गाडीला बसणारी, पत्र्याच्या पट्टीवर स्क्रूने आवळायची स्वस्त मोटर मिळते. जिथे मूळची मोटरच नाही, अशा जुन्या गाडीला ती चालते. परंतु कंपनीची जागा तयार असताना तिथे ती बसवली आणि तिची सरक, म्हणजे रॉड पुढे-मागे ढकलण्याचे अंतर, लॅचच्या गरजेपेक्षा थोडी जरी कमी पडली, तर दरवाजा अर्धवट लॉक होतो, आणि अर्धवट लॉक हे पूर्ण बंद पडलेल्या लॉकपेक्षा अधिक फसवे असते. अण्णांनी मूळ मापाची, डाव्या बाजूची मोटर घ्यायला संमती दिली आणि मुलाने ती नाशिकहून आणली.

बसवताना लॅच आणि मोटर दोन्ही उघडलेल्या स्थितीत आणून मगच रॉड जोडला आणि बोल्ट आवळले. लॅचवर पांढरे ग्रीस लावले. यानंतर दरवाजा लगेच लोटून बंद करण्याचा मोह आवरावा लागतो, कारण जोडणीत काही चुकले असेल तर तो पुन्हा बंदच राहील. दरवाजा उघडा ठेवून स्क्रू ड्रायव्हरने लॅचचा आकडा आत दाबला, जणू दरवाजा बंद झाला आहे. बटणाने लॉक केले, बाहेरचे हँडल ओढले, आकडा सुटला नाही. बटणाने उघडले, हँडल ओढले, आकडा सुटला. मग आतल्या हँडलने आणि खुंटीने हेच केले. सगळे जमल्यावरच दरवाजा खऱ्या अर्थाने लावला.

शीट जुनेच पुन्हा लावणे मला मान्य नव्हते. जाड प्लॅस्टिक दरवाजाच्या आकाराचे कापले आणि ब्यूटाइल टेपने, म्हणजे ओलाव्यातही न सुटणाऱ्या चिकट रबरी टेपने, कडेने दाबून चिकटवले. त्याची खालची कड पत्र्याच्या आतल्या बाजूला सोडली, म्हणजे शीटवरून उतरणारे पाणी परत दरवाजाच्या पोकळीतच पडेल. ही कड बाहेर राहिली तर तेच पाणी पॅडमध्ये आणि गाडीच्या मॅटवर येते. मोटरकडे जाणारी वायर सॉकेटच्या खाली झोल देऊन बांधली, जेणेकरून वायरवरून येणारा थेंब पिनांपर्यंत न पोहोचता झोलावरून खाली पडेल. पुन्हा मगभर पाणी काचेवर सोडले. ते तळाच्या भोकांतून सरळ जमिनीवर आले आणि मोटर कोरडी राहिली.

पॅड नव्या क्लिपांसह बसवून झाल्यावर अण्णांनी मागचा उजवा दरवाजाही उघडून पाहायला सांगितला. तेथील मोटर चालत होती, पण शीट तशाच टेपने लावलेले होते आणि भोके बुजलेली होती. ते काम त्याच संध्याकाळी उरकले. पुढच्या दोन दरवाजांची शीटे शाबूत निघाली. तेथे फक्त भोके साफ केली. बिलावर मोटरच्या खाली “दोन्ही मागच्या दरवाजांना नवे शीट, चारही दरवाजांची पाण्याची भोके मोकळी” असे लिहून दिले आणि गाडी धुताना प्रेशरचा पाइप काचेच्या रबरावर रोखून धरू नका, असे मुलाला सांगितले.