खारपाणातली पायवारी

क्रूस कोणी धरायचा यावरून पहिलं भांडण कापूसतळणीच्याही आधी झालं. क्रूस बाभळीचा, आमच्या चर्चच्या मंडळीतल्याच सुतारानं केलेला, चांगला जड. पाळीपाळीनं धरायचा असं ठरलं होतं. पण गाव आलं, पानटपरीवर चार माणसं दिसली, की सगळ्यांचे हात एकदम पुढं यायचे. गाव मागं पडून दोन्ही अंगांना नुसती भेगाळलेली काळी रानं सुरू झाली, की ज्याला त्याला चपलेतला खडा काढायचा असायचा. मग क्रूस माझ्या खांद्यावर. येशूचा क्रूस वाहायला शिमोन कुरेनेकराला शिपायांनी धरून आणलं होतं, मला माझ्याच तरुण संघानं.

बेत तसा साधा होता. ईस्टरआधीच्या उपवासकाळात दर्यापूरजवळच्या आमच्या गावातून निघायचं, अंजनगाव सुर्जी, पथ्रोट, परतवाडा करत घाट चढून चिखलदऱ्याला जायचं, वर एक सकाळची प्रार्थना करायची आणि झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आधल्या रविवारच्या, आत एसटीनं घरी. कमिटीतल्या जुन्या मंडळींना हे काही पटलं नव्हतं. "पास्टर, आपल्यात वारी नसते." मी बायबलातली स्तोत्रसंहिता उघडून दाखवली. एकशे विसापासून एकशे चौतिसापर्यंतची स्तोत्रं सणाला यरुशलेमेकडे चढून जाणाऱ्यांची आहेत, लेकराबाळांसह पायी जायचे ते लोक. एक काका म्हणाले, "ते यहूदी होते. आपण दर्यापूरचे." यावर मला आजही उत्तर सुचलेलं नाही.

तरी निघालो. महिला मंडळातल्या मावश्या, तरुण संघाची पोट्टी, हिशेबाची वही घेतलेले सेक्रेटरी आणि आमचे ढोलकवाले भाऊ. या भाऊंना एकच गाणं पूर्ण येतं, तेही पूर्ण नाही. तिसरं कडवं आठवलं नाही की ते पुन्हा पहिल्यावर येतात. पहिल्या दिवशी मला त्यात भक्ती दिसली. नंतर ढोलकीची दोरी कापावी असे विचार मनात येऊ लागले आणि मी त्यांच्यासाठी, म्हणजे खरं तर स्वतःसाठी, प्रार्थना करू लागलो. मावश्यांपैकी दोघी गेल्या नाताळापासून एकमेकींशी बोलत नाहीत. जेवणावळीत एक गंज, म्हणजे पातेलं, हरवला, तो कोणाच्या घरी गेला हा प्रश्न आहे. दोघी अख्खी वाट शेजारी शेजारी चालल्या आणि तिसरीमार्फत बोलल्या. "तिले सांग, पदर सावर, ट्रक येऊ राह्यला."

पहाटेचं चालणं सुखाचं होतं. रस्त्यालगत कुठं कुठं शकुंतलेचे रूळ दिसायचे, गवतात बुडालेले. मूर्तिजापूर ते अचलपूरची ती छोटी गाडी बंद पडली, रूळ तेवढे राहिले. पोट्ट्यांना तिची मजा वाटायची, मला वाईट वाटायचं. दर्यापूरला आमची स्वतःची चंद्रभागा आहे हे पंढरपूरकरांना सांगून पटत नाही. उन्हाळ्यात पाहिलं तर आम्हालाही पटत नाही.

आता त्या दुपारचं.

टाच सकाळपासूनच हुळहुळत होती. सँडल नवे, मंडळीनं वर्गणी काढून दिलेले, त्यामुळं काढून पिशवीत टाकायची सोय नव्हती. देणारे सोबतच चालत होते. अकराच्या सुमारास टाचेवरचा फोड फुटला आणि अंगठ्याजवळ दुसरा आला. पारा ४१-४२ च्या आसपास असावा. सावलीला म्हणून झाड नाही. "तुम्ही व्हा पुढं, मी येतो हळूहळू," असं मी व्यासपीठावरच्या आवाजात म्हणालो आणि सगळ्यांनी ते फारच पटकन ऐकलं. क्रूस माझ्याकडेच राहिला.

पुढं एक हापशी दिसली. चार वेळा हाणली, ओंजळ भरली, तोंडात घेतलं आणि थुंकलं. मी या पट्ट्यातच जन्मलो, तरी दर वेळी ओंजळ भरतोच. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला, बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत हा खारपाण पट्टा पसरलाय. विहीर खणली तरी खारं, बोअर मारला तरी खारं. पिकाला दिलं तर जमीनच बिघडते. म्हणून पावसावर येईल ते आणि मागच्या ओलीवर हरभरा, एवढीच शेती. हे पाणी पिऊन पिऊन किडनीनं गेलेल्या माणसांचे दफनविधी मी केलेत. आता बऱ्याच गावांना शहानूर धरणाचं पाणी नळानं येतं, त्याला आमच्याकडे गोडं पाणी म्हणतात. नळ येतो त्या दिवशी लग्नघरासारखी धावपळ असते, आणि मग पुढचा नळ येईपर्यंत प्रत्येक तांब्याचा हिशेब.

हापशीपासून थोडं पुढं एका निंबाखाली झोपडी होती. दोन-चार बकऱ्या, एक बाज आणि बाजेवर एक म्हातारे बाबा.

"कुठं चालले जी?"

"चिखलदऱ्याला."

"पायी? देवीले काय?"

"नाही, प्रार्थनेला. मी ख्रिस्ती पाळक आहे."

त्यांनी माझ्या खांद्यावरच्या क्रूसाकडं पाहिलं. "मंग हे काय, टेकाले घेतलं काय?"

मी बसलोच. त्यांनी माझा पाय पाहिला आणि आत हाक दिली, "अवं, महाराजाच्या पायाले फोड आला. पानी आन."

मी महाराज नाही हे सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी तो कानावर घेतला नाही. त्यांच्या तोंडी गजानन महाराजांचं नाव होतं. दर वाक्यानंतर "गण गण गणात बोते", आणि त्यांच्या हिशेबात देवाच्या नावानं उन्हात चालणारा कोणीही महाराजच. आजी घमेलं घेऊन आल्या, त्यात पाणी होतं. बाबांनी ते सरकवलं तेव्हा त्यांचे हात मी नीट पाहिले. बोटं अर्ध्यावरच संपलेली. घमेलं ते तळव्यांनी दाबून धरत होते.

"कोठाऱ्याले होतो मी," माझी नजर पाहून तेच म्हणाले. "लहानपनी. लय गोया खाल्ल्या. आता बरा हाय, भेव नोका."

परतवाड्याजवळचं कोठाऱ्याचं कुष्ठरोग्यांचं मिशन हॉस्पिटल आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. मी भ्यालो नव्हतो. उपचार झालेल्या माणसापासून काही होत नाही हे मला ठाऊक आहे, येशूनं बरे केलेल्या दहा कुष्ठरोग्यांवर मी इतक्यांदा प्रवचन केलंय की झोपेतही करीन. पाय मागं घेतला तो वेगळ्याच कारणानं.

"हे नळाचं पाणी आहे का?"

"गोडं हाय," आजी म्हणाल्या.

"आजी, हापशीचं चालेल मला."

"खाऱ्यानं आग होते जी. ठेवा पाय."

मी ठेवेना. शिष्यांचे पाय धुणाऱ्या प्रभूला पेत्रानं "तुम्ही माझे पाय कधीही धुवायचे नाहीत" म्हटलं, ते मी दर पवित्र गुरुवारी वाचतो. त्या संध्याकाळी मंडळीतल्या बारा जणांचे पाय धुतो. ते बारा जण घरून साबण लावून पाय धुऊन येतात, तरुण पोरं तर पावडरही लावतात. मी पाणी ओततो, टॉवेलनं टिपतो, सगळं पाच मिनिटांत आटोपतं. धुणारा मी असतो, त्यामुळं मला त्यात कधी अडचण वाटली नाही.

घेण्याचं मला जमत नाही. माझे पणजोबा १८९९-१९०० च्या दुष्काळात मिशनच्या अनाथाश्रमात वाचले, तिथूनच आमच्या घरात विश्वास आला. म्हणजे आम्ही कोणाच्या तरी वाढलेल्या पेजेवर जगलेली माणसं. शाळेत पोरं मला "पावडरवाला" म्हणायची. मिशनच्या दुधाच्या पावडरीसाठी तुम्ही धर्म बदलला, असा अर्थ. आई म्हणायची, कोणाच्या घरी पाणीसुद्धा मागायचं नाही. तेव्हापासून मी देत आलोय. पुस्तकं, फी, दवाखान्याचे पैसे, सल्ला. सल्ला तर भरपूर. माझ्या एका तांब्यासाठी कोणाचा माठ रिकामा व्हावा, हे मला सोसत नाही. यात नम्रता किती आणि ताठा किती, ते उन्हात बसून मोजायची ताकद नव्हती.

बाबांनी माझा घोटा तळव्यात धरला आणि सरळ पाण्यात बुडवला. "हालवू नोका. लय येळ ठेवा. तिथं सिस्टर शिकवे, पाय भिजवा, घासा, तेल लावा. रोज. कंटाळा कराचा नाही."

मग मी पाय पाण्यात घालून बसलो आणि ते बोलत राहिले. जावई येत नाही. बकऱ्यांना भाव नाही. त्यातली एक बकरी ठरत नाही, गाभण राहत नाही, तर महाराजांनी तिच्यावर हात ठेवावा. मी टाळलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. मी थकलो होतो, डोकं दुखत होतं, आणि खरं सांगतो, प्रभूनं या माणसाला थोडं कमी बोलतं केलं असतं तर बरं झालं असतं असं वाटत होतं. शेवटी बकरी आणली गेली. मी हात ठेवला, डोळे मिटले, "हे स्वर्गीय पित्या" एवढं म्हणालो आणि ती हिसका देऊन पळाली. आजी तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसलो.

त्यांनी फोडाच्या कडेची मेलेली कातडी दगडानं हलकेच घासली, फोडाला हात लावला नाही. जवसाचं तेल, वर जुन्या लुगड्याची पट्टी.

"दुखते काय?"

"दुखतंय."

"मंग बरं हाय. मायं त दुखतच नाही."

माझे पाय निघाल्यावर त्यांनी त्याच पाण्यात आपले पाय घातले. दोन्ही पायांची बोटं झिजलेली. भिजून झाल्यावर आजींनी त्यांचे तळवे मांडीवर घेतले आणि टाचेपासून पुढं इंच इंच हात फिरवला. काटा रुतलाय का, चटका बसलाय का, हे बाबांना कळत नाही, आजींचा हात सांगतो. हे रोजचंच असावं, कारण दोघंही त्या वेळात बकरीबद्दलच बोलत होते. घमेल्यातलं उरलेलं पाणी आजींनी निंबाच्या बुडाशी ओतलं.

तेवढ्यात सेक्रेटरी कोणाच्या तरी मोटारसायकलवर मला शोधत आले. मी खिशातून शंभराची नोट काढली. बाबांनी दोन्ही तळवे मागं घेतले. "पान्याचे पैसे घेते काय जी कोनी?" मग क्रूसाकडं पाहून म्हणाले, "हे ठेवून जा पाह्यजे त. मांडवाले कामी येईन." सेक्रेटरींना ते लागलं. मला वाटतं सुतारकाम करणाऱ्या आमच्या प्रभूला नसतं लागलं. पण क्रूस नेला.

पुढचे दिवस एकात एक मिसळलेत. अंजनगावला पानमळे, पानपिंपरीचे वेल आणि एका शाळेच्या व्हरांड्यात रात्रभर डास. शेंडगाव, गाडगेबाबांचं जन्मगाव, याच तालुक्यात. तिकडं वळू म्हणता म्हणता राहून गेलं. पथ्रोटला कोणीतरी संत्र्यांची टोपली दिली आणि मी ती पटकन घेतली, "कशाला, कशाला" न म्हणता. कोठाऱ्याच्या फाटकाशी बाबांचा निरोप द्यायला थांबलो. निरोप त्या पाय शिकवणाऱ्या सिस्टरांना होता. वॉचमन पंचविशीचा. त्यानं ऐकून घेतला आणि आत कोणाला सांगू विचारलं. मी म्हटलं, जे कोणी पाय पाहत असतील त्यांना.

घाटात पहाटे मोहफुलं पडलेली होती. कोरकू बाया टोपल्या घेऊन ती वेचत होत्या, लेकरं झाडाखालीच झोपलेली. एकीनं मूठभर फुलं ढोलकवाल्या भाऊंच्या हातावर ठेवली. ते चघळत चालले आणि अर्धा तास गाणं बंद राहिलं. प्रभूची योजना. गंजवाल्या दोन मावश्यांपैकी मोठीला चढणीवर दम लागला. धाकटीनं तिची पिशवी ओढून घेतली आणि तिसरीला मोठ्यानं ऐकवलं, "तिले सांग, एवढे धोंडे भरून कोनी वारीले येते काय." बोलणं अजूनही तिसरीमार्फतच चालू आहे.

वर पोचलो. चिखलदरा ११०० मीटरच्या वर, अंगाला वारा लागला तेव्हा पायांना आपण खालून आलो ते कळलं. कड्याच्या काठाशी क्रूस टेकवला, १२१ वं स्तोत्र म्हटलं, "मी आपली दृष्टी डोंगराकडे लावतो". शेजारी कुणी पर्यटक गाडीत मोठ्यानं गाणी लावून फोटो काढत होते. माझं प्रवचन तयार होतं, मुद्द्यांसकट. मी ते केलं नाही. प्रार्थना झाली, कॉफी प्यायलो, मोथा गावचा खवा घेतला. उतरताना एसटीत मावश्यांना अर्धं तिकीट, आम्हा पुरुषांना पूर्ण. यावर पोट्ट्यांनी परतवाड्यापर्यंत अन्याय अन्याय केलं.

ईस्टर झाल्यावर कमिटीत सेक्रेटरींनी हिशेब वाचला. चहा, कापूस, मलम, एसटी, डासांची अगरबत्ती. मग त्या म्हाताऱ्यांना मंडळीतर्फे काहीतरी पाठवावं असा विषय निघाला. कोणी तेलाचा डबा म्हणालं, कोणी पवित्र शास्त्राची प्रत, कोणी पाचशे रुपये. मी म्हटलं, काही पाठवायचं नाही, त्यांनी दिलं ते आपण घेतलंय. काका म्हणाले, मग वहीत आलंच पाहिजे, घेतलेलं न लिहिणं बरं नाही. सेक्रेटरींनी जमेच्या बाजूला लिहिलं: गोडं पाणी, एक घमेलं. रकमेच्या रकान्यात काय भरायचं यावर एकमत झालं नाही आणि विषय पुढच्या मिटिंगवर ढकलला.